पाणी आणले कोणी, राखले कोणी?
हिंगोली परिसराच्या पाण्याच्या इतिहासाचा एक मागोवा



इतिहासाचा लेख म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या यांचीच वाचकाला अपेक्षा असते. प्रस्तुत लेखातही राजे आणि वजीर आहेत. परंतु ते तलवार परजताना दिसणार नाहीत. कोणी नहर खोदताना दिसेल, कोणी धरणाचा नकाशा आखताना. त्यांच्या मागे पखाल वाहणारा, खडी फोडणारा, आणि मध्यरात्री उठून नळाला भांडे लावणारी बाईही दिसेल. कारण आपल्याला जो इतिहास पाहावयाचा आहे तो पाण्याचा आहे, आणि पाण्याचा इतिहास हा ज्यांनी ते आणले आणि ज्यांनी ते राखले त्या सर्वांचा इतिहास असतो.

प्रारंभी एक विनंती. आज संध्याकाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. दादी असोत, नानी असोत किंवा शेजारची आजी असो. त्यांना विचारा, “तुमच्या लहानपणी घरात पाणी कोठून येत होते?” कोणी सांगेल, अमक्याच्या वाड्यातल्या आडावरून. कोणी सांगेल, उन्हाळ्यात कयाधूच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करायचा, वाटीवाटीने पाणी भरायचे आणि घागर डोक्यावर घेऊन यायचे. कोणाला खांद्यावर कातड्याची पखाल घेऊन येणारा आणि अंगणातला रांजण भरून जाणारा पखाली आठवेल. आता हाच प्रश्न घरातील सर्वांत लहान मुलाला विचारा. तो सांगेल, “नळातून,” नाहीतर “टँकरमधून,” नाहीतर “जारमधून.” वृद्धांच्या उत्तरात जागा आहे आणि माणूस आहे, मुलाच्या उत्तरात केवळ वस्तू आहे. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात काय घडले, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

भूमी आणि पाऊस

आपला जिल्हा तसा तरुण. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. परंतु नद्या जिल्ह्यांच्या सीमा जाणत नाहीत. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातून निघालेली कयाधू सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी हे गाव याच कयाधूच्या काठचे. पैनगंगा उत्तरेच्या सीमेवरून वाहते आणि पुढे वर्धा व प्राणहिता या नद्यांच्या वाटेने तिचे पाणी गोदावरीत जाते. दक्षिणेकडून पूर्णा वाहते आणि तीही गोदावरीलाच मिळते. म्हणजे आपल्या अंगणात पडलेला थेंब कोणत्याही वाटेने गेला तरी अखेर गोदावरीतच जातो. प्रश्न एवढाच, की जाण्यापूर्वी तो आपल्याकडे किती दिवस थांबतो?

तो फार दिवस थांबत नाही. त्याचे कारण आपल्या पायाखाली आहे. दख्खनचे हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनलेले आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात जमीन स्पंजासारखी पाणी शोषून ठेवते. आपल्याकडे पाणी राहते ते मुरमाच्या पातळ थरात आणि पाषाणाच्या भेगांत. हा थर पावसाळ्यात लवकर भरतो आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामा होतो. वाडवडिलांच्या विहिरी खोल नसून रुंद का होत्या, याचे उत्तर येथे आहे. मुरमातून झिरपणारे पाणी साठवावयाचे तर घेर मोठा हवा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पाऊस कमी पडतो काय? तसेही नाही. हिंगोली परिसरात सरासरीने वर्षाला ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर सुमारे ३२ लाख लिटर पाणी पडते. ज्या शेतकऱ्याजवळ केवळ एक एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याच्याही शेतावर आकाश दरसाल ३२ लाख लिटर पाणी ओतते. आणि तरीही मे महिन्यात त्याच्याच घरातील मुलगी हंडा घेऊन रांगेत उभी असते. उणीव पावसाची थोडी आणि साठवणीची फार, असेच म्हणावे लागते.

नहर आणि बारव

साठवणीची ही विद्या आपल्या प्रदेशाला अपरिचित नव्हती. यादवकाळात मराठवाड्यात ठिकठिकाणी बारवा बांधल्या गेल्या. शेजारच्या परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि सेलू तालुक्यातील वालूर येथे त्या आजही पाहावयास मिळतात. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या शंखाच्या वळणासारख्या गोल फिरत खाली उतरतात. पाण्याची पातळी खाली गेली की माणसाने पायरी पायरीने पाण्यापर्यंत उतरावे, ही बारवेची रचना. पाणी किती उरले आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

सतराव्या शतकाच्या प्रारंभी या विद्येत एक मोठी भर पडली. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या कर्तबगारीने अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला पुरुष. त्याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले. हेच पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. मोठी लोकवस्ती बसवायची तर तिला पाणी हवे, आणि शहराजवळची खाम नदी बारमाही भरवशाची नव्हे. मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेले पाणी हेरले आणि भूमिगत नहर खोदून ते उताराच्या बळावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. नहर जमिनीखालून जात असल्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही आणि घाणही पडत नाही. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरींसारखी तोंडे ठेवलेली, म्हणजे माणसाला आत उतरून गाळ काढता यावा. वाटेत दगडी मनोरे बांधलेले. पाणी मनोऱ्यात वर चढते, कोंडलेली हवा मोकळी होते, पाण्याचा जोर बेताचा राहतो आणि पुढचे नळ फुटत नाहीत. वीज नाही, इंजिन नाही. केवळ उताराचे अचूक गणित. पुढे अठराव्या शतकात अशाच एका नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की फिरू लागली आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळू लागली. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. शिकणाऱ्या मुलांच्या भाकरीची सोय पाण्याच्या धारेने केली, ही कल्पनाच किती सुंदर आहे!

परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. मलिक अंबरचे नाव आपण अभिमानाने घेतो, भाषणात घेतो, स्मरणिकेतही घेतो. १६२६ साली तो वारला. त्याची नहर त्याच्या मागे शतकानुशतके शहराला पाणी देत राहिली, ती केवळ त्याच्या प्रतिभेमुळे नव्हे. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी त्या तोंडांतून आत उतरले, गाळ काढला, मुळे तोडली, फुटलेला नळ चुन्याने सांधला, म्हणून ती चालली. त्या माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. पुढे वस्ती वाढली, नहरीवर घरे आणि रस्ते आले, मोठ्या धरणाचे पाणी नळाने येऊ लागले, तेव्हा “आता हिची गरज काय?” असे म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. नहरीला शत्रूने बुजविले नाही. ती आपल्या दुर्लक्षाने बुजत गेली. आपल्या गावातील आडांची कहाणी याहून वेगळी आहे काय? ज्या आडाचे पाणी तीन पिढ्या प्याल्या, त्यात आज काय टाकले जाते, हे प्रत्येकाने आपल्याच गल्लीत जाऊन पाहावे.

हैदराबाद राज्याचा काळ

१९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. या राज्यात पाण्याच्या कामांना वेग आला तो एका महापुरामुळे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला पूर आला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीनंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला आणि पूर अडविण्यासाठी व शहराला पाणी देण्यासाठी उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. या काळातील राज्याचे नामवंत अभियंते म्हणजे नवाब अली नवाज जंग. १८७७ साली जन्मलेला हा हुशार विद्यार्थी राज्याच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन स्थापत्यशास्त्र शिकला आणि परत येऊन राज्याचा मुख्य अभियंता झाला. मांजरा नदीवरील निजामसागर हे धरण (१९२३ ते १९३१) त्यांचे मोठे काम. तेलंगण राज्यात त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, अभियंता दिन म्हणून पाळला जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जे विद्यार्थी कंटाळा करतात त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की एका शिष्यवृत्तीने किती शेते भिजू शकतात.

तथापि इतिहास सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. मांजरा उगम पावते आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्याच्या डोंगरात. आणि तिच्यावरचे पहिले मोठे धरण झाले ते तेलंगणात. मराठवाडा पावसाच्या भरवशावर राहिला. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात तो होरपळून निघालेला होता, तरीही फार काही बदलले नाही. पुढे मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. पैनगंगेवर कळमनुरीजवळ इसापूरचे धरण १९८२ मध्ये उभे राहिले. कालव्यांनी वसमतचा भाग हिरवागार झाला. ऊस, केळी आणि हळद यांनी बाजारपेठा फुलल्या. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे.

परंतु पाणी उताराने जाते, आणि येथेच कळीचा मुद्दा आहे. कालवा खालच्या गावांना जातो. धरणाच्या वरच्या अंगाला, माळावर, टेकडीवर असलेल्या गावाला तो कधीही मिळत नाही. सेनगाव आणि औंढ्याच्या माळरानावरील अनेक गावांना धरणाचे पाणी दुरून चमकताना दिसते एवढेच. ज्यांची शेते व घरे जलाशयाच्या पोटात गेली, त्यांतील कित्येकांच्या पदरी कोरडी जमीन आली. एकाच जिल्ह्यात एकीकडे पाटाचे पाणी आणि दुसरीकडे टँकरची वाट, असे दोन जिल्हे नांदतात. तेव्हा “धरण झाले, प्रश्न सुटला” असे म्हणणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

बहात्तरचा दुष्काळ

मराठवाड्यात वय विचारले तर आजही वृद्ध माणूस म्हणतो, “बहात्तरच्या दुष्काळात मी इतक्या वर्षांचा होतो.” लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला आणि १९७२ मध्ये सारे आटले. माणसे घरदार सोडून खडी फोडावयास गेली. स्त्रिया तान्ही मुले झाडाच्या सावलीला झोळीत ठेवून हातोडा चालवीत. मिलोची भाकर आणि सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते.

या संकटातून एक विचार जन्मास आला, ज्याचा महाराष्ट्राने सार्थ अभिमान बाळगावा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे करून पाहिलेला प्रयोग राज्यभर नेण्यात आला. मागेल त्याला काम. भीक नव्हे, हक्क. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातील मजुराची चूल पेटली. या कामांतून गावोगाव पाझर तलाव, नालाबांध आणि शेतीचे बांध झाले. पुढे २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आपल्या गावाबाहेर जो पाझर तलाव आहे, तो बहुधा कोणाच्या तरी आईने डोक्यावर पाट्या वाहून बांधलेला आहे. त्यात आज किती फूट गाळ आहे?

हापसा आणि बोअर

बहात्तरनंतर गावोगाव यंत्रे आली आणि कठीण पाषाणात खोल भोक पाडून पाणी काढू लागली. त्यावर हातपंप बसविले गेले. आपल्याकडे त्याला हापसा म्हणतात. या हापशाची जन्मकथा मराठवाड्यातलीच आहे. आरंभी बसविलेले बिडाचे पंप परदेशातील एखाद्या कुटुंबापुरत्या वापरासाठी घडविलेले होते. येथे त्यांच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत सारे गाव तुटून पडे, आणि ते काही महिन्यांतच मोडत. तेव्हा जालना येथील मिशनच्या कारागिरांनी पोलादाचा दणकट पंप बनविला. त्यात सुधारणा होऊन सोलापूरचा पंप झाला. आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने याच घडणीतून ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप सिद्ध झाला. तो पुढे आशिया आणि आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत पोहोचला. दुष्काळी मुलखातील कारागिरांची अक्कल साऱ्या जगाच्या कामी आली, हे आपल्या शाळेतील किती मुलांना ठाऊक आहे?

हापशाने पिण्याचे पाणी दिले. परंतु त्याच भोकात पुढे विजेचा पंप उतरला आणि खेळ बदलला. हापसा दमला की माणूसही दमतो. विजेचा पंप दमत नाही. एकाने २०० फूट खोदले, शेजाऱ्याने ३०० खोदले, तिसऱ्याने कर्ज काढून ५०० खोदले. पाणी भेगांतले, ज्याची नळी खोल त्याच्याकडे ते ओढले गेले. आणि बारवेप्रमाणे ते दिसत नाही! पायऱ्या उघड्या पडल्या म्हणजे सारा गाव सावध होत असे. बोअरमधील पाणी आटते ते कोणालाच दिसत नाही. एके सकाळी नुसता वारा येतो तेव्हा कळते. सर्वप्रथम आटतो तो कोणाचा? ज्याची विहीर उथळ आहे, ज्याच्याजवळ पुन्हा खोदण्यास पैसा नाही, त्याचा. आणि सार्वजनिक हापशाचा, ज्याच्यावर भूमिहीन मजुरांची वस्ती जगते.

कायदे झाले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना नवीन विहीर खोदू नये, असे १९९३ च्या कायद्याने सांगितले. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा. तो २०१४ मध्ये अमलात आला आणि खोल विंधन विहिरींवर निर्बंध आले. परंतु जमिनीखालचे पाणी कायद्याच्या पुस्तकाने वर येत नाही. गावाने ठरविले तरच ते राखले जाते.

वाटणीचा प्रश्न

गावाने ठरविल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. बहात्तरचा दुष्काळ पाहून अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ मध्ये पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यांचा नियम ऐका. पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. आणि या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही. ज्याची जमीन मोठी त्याचे पाणी मोठे, ही जुनी रीत त्यांनी मोडून काढली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे. उरलेल्यावर पीक ठरवावयाचे. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने १९९६ पासून पाणलोटाचे काम केले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले आणि मग द्राक्षे पिकविली.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. शेततळे म्हणजे पावसाचे पाणी धरण्याचे साधन. बोअरचे पाणी उपसून तेच प्लास्टिकच्या तळ्यात भरून ठेवले, तर ती साठवण नव्हे. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या तळ्यात उन्हात सुकविणे होय. साधन तेच असते, परंतु नियमावाचून त्याचे फळ उलटे येते.

बदललेला पाऊस

आता या साऱ्यात एक नवीन गोष्ट आली आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हवेत अधिक बाष्प मावते, आणि पाऊस पूर्वीसारखा सावकाश न पडता अनेकदा थोड्या दिवसांत कोसळतो. मधले खंड लांबतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. लातूरला पाणी देणारे मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडले होते. ज्या मांजरेचा उल्लेख वर निजामसागराच्या संदर्भात आला, तीच ही मांजरा. आणि जुलै २०२२ मध्ये आपल्याच वसमत तालुक्यात आसना नदीला पूर येऊन कुरुंदा गावात पाणी शिरले, लोकांना सुरक्षित जागी हलवावे लागले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेतांतील मातीच वाहून नेली. दुष्काळ आणि महापूर हे दोन वेगळे शत्रू नव्हेत. धावणारे पाणी थांबविण्याची जागा उरली नाही, की पावसाळ्यात पूर येतो आणि उन्हाळ्यात दुष्काळ पडतो.

शासनाने २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील ५,१४२ गावांत हिंगोली जिल्ह्यातील गावेही होती. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणे, सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरणे, म्हणजे पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा व्हावा आणि खंड पडला तर ओल टिकावी, असे त्याचे स्वरूप होते. कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी उगम ग्रामीण विकास संस्थेने गावोगाव लोकांना सोबत घेऊन काम केले आहे. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु प्रकल्पाची मुदत संपते, अधिकाऱ्याची बदली होते, गाव मात्र तेथेच राहते.

आपण काय करावे?

पालकहो, शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत हा विषय का, असे आपणास वाटले असेल. उत्तर सोपे आहे. पाण्याची टंचाई सर्वप्रथम शाळेच्या हजेरीपटावर दिसते. टँकर येण्याची वेळ आणि शाळेची घंटा एक झाली, तर घरात कोणाला थांबविले जाते? बहुधा मुलीला. पीक बुडाले आणि आईवडील ऊसतोडीला किंवा शहरात कामाला गेले, तर कोणाचे दप्तर गाठोड्यात बांधले जाते? विहीर आटली म्हणजे वर्गातील एक बाक रिकामा होतो. हा संबंध ज्याला दिसला, त्याला पाणी हा शिक्षणाचाच प्रश्न वाटेल.

म्हणून काही गोष्टी सुचवितो. त्यांतील एकही मोठ्या खर्चाची नाही. समजा, शाळेचे छप्पर ५०० चौरस मीटरचे आहे. ८०० मिलिमीटर पावसात त्यावर ४ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ३ लाख २० हजार लिटर उरते. ४०० मुलांना दररोज प्रत्येकी ५ लिटर लागले, तर एवढे पाणी १६० दिवस पुरते. सारे साठवता आले नाही तरी थोडे टाकीत आणि उरलेले गाळून विहिरीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येते. आपल्या शाळेचे छप्पर मोजून हा हिशेब भूगोलाच्या तासाला मुलांकडूनच करून घ्यावा.

दुसरे, प्रत्येक वर्गाने एक विहीर दत्तक घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि वहीत लिहावी. दहा वर्षांनी ती वही गावाचा खरा इतिहास ठरेल. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, ही आपली अडचण; ही वही म्हणजे आपल्या बारवेच्या पायऱ्या होत. तिसरे, ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आणि मोहल्ल्याच्या बैठकीला जावे, केवळ नळाची तक्रार घेऊन नव्हे तर ही वही घेऊन. आणि माताभगिनींनाही न्यावे, कारण पाणी भरतात त्या आणि बोलतो आपण, हे बरे नव्हे. आणि विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टरीबरोबरच स्थापत्य, भूगर्भशास्त्र आणि कृषी या विषयांचाही विचार करा. अली नवाज जंग एकदाच जन्मावे, असा काही नियम नाही.

लेखाच्या आरंभी दोन उत्तरे सांगितली, एक दादीचे आणि एक नातवाचे. आणखी पन्नास वर्षांनी आजचा हा नातू दादा होईल. तेव्हा त्याचा नातू त्याला विचारील, “दादा, तुमच्या लहानपणी पाणी कोठून येत होते?” तो काय सांगेल, ते आज आपल्या हातात आहे. “आमच्या शाळेची एक विहीर होती, दर महिन्याला आम्ही तिची पातळी मोजत होतो, आणि चल, तुला दाखवतो, अजून पाणी आहे तिच्यात,” असे उत्तर त्याला देता यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.